व्हिटाला कोण सोडून गेलं, आणि कोण थांबलं?

माझ्या पीएचडीचा विषय कोणी विचारला की मी थोडक्यात सांगते, "एखाद्या प्राण्याची संख्या कमी झाली की ती आणखी का कमी होत जाते, याचं गणित." यावर आईचं नेहमीचं उत्तर असतं, "कमी झाले म्हणून कमी होतात. त्यात गणित कसलं?" खरं सांगायचं तर आईचं हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा सारांश म्हणून खपून जाईल. अडचण पुढच्या प्रकरणात येते. कारण काही वेळा संख्या कमी होते, सगळे म्हणतात "आता हे संपलं", आणि तरीही ते संपत नाही. कमी संख्येतच वर्षानुवर्षं टिकून राहतं. असं का होतं?

आज हा प्रश्न प्राण्यांना बाजूला ठेवून एका यंत्राबद्दल विचारणार आहे. ते यंत्र म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन व्हिटा, हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल. २०१८मध्ये आमच्या हॉस्टेलमधला एक सीनियर पोस्ट-डॉकसाठी परदेशी निघाला, तेव्हा सामान विकताना त्याचा व्हिटा मी घेतला. त्यात वीसेक गेम होते. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की मी पुन्हा पुन्हा खेळते ते गेम सोनीचे नाहीत, आणि ज्या बड्या कंपन्यांची नावं आपण ऐकतो त्यांचेही नाहीत. कोणी चार-पाच जणांनी मिळून केलेले, कोणी जपानच्या मध्यम आकाराच्या कंपनीचे. ज्या कन्सोलला "अपयशी" म्हणून सगळे मोकळे झाले होते, त्याच्यासाठी हे लोक २०१८मध्येही गेम काढत होते. ते वेडे होते का? नाही. त्यांचं गणित वेगळं होतं. ते गणितच आज उलगडून बघू.

यंत्रात खोट नव्हती

आधी थोडा इतिहास. व्हिटा जपानमध्ये १७ डिसेंबर २०११ला आला आणि अमेरिका-युरोपात फेब्रुवारी २०१२मध्ये. पाच इंची ओएलईडी पडदा, दोन ॲनालॉग स्टिक, पाठीमागेही स्पर्श ओळखणारी पट्टी, चार कोअरचा प्रोसेसर. त्या काळात खिशात मावणाऱ्या यंत्रात एवढी ताकद म्हणजे चैनच होती. त्याच्या आधीचा सोनीचा हँडहेल्ड, पीएसपी, जगभरात साधारण ८ कोटी खपला होता. म्हणजे घराणंही चांगलं.

सुरुवात दणक्यात झाली. जपानमध्ये पहिल्या दोन दिवसांत ३ लाखांहून जास्त व्हिटा विकले गेले. पुढच्याच आठवड्यात आकडा आला साधारण ७२ हजार, आणि मग तो घसरतच राहिला. पुढे सोनीने व्हिटाचे आकडे पीएसपीच्या आकड्यांत मिसळून द्यायला सुरुवात केली. वर्गातला एखादा मुलगा स्वतःचे मार्क न सांगता "आम्हा दोघा भावांचे मिळून एवढे" असं सांगायला लागला, की आपण काय समजायचं ते समजतो. गेम बनवणारेही समजले. व्हिटा एकूण किती खपले याचा अंतिम अधिकृत आकडा नाही. अंदाज साधारण १ ते दीड कोटीच्या आसपास फिरतात. त्याच काळातला निन्टेंडो थ्रीडीएस गेला ७ कोटी ५९ लाखांवर.

मुक्कामी बस आणि वडाप

कन्सोल हा मिक्सरसारखा नसतो. मिक्सर घरी आणला की वाटण होतं. शेजाऱ्यांकडे तोच मिक्सर आहे की नाही, याने आपल्या चटणीला फरक पडत नाही. कन्सोल मात्र त्याच्यावर गेम आले तरच उपयोगाचा. गेम तेव्हाच येतात जेव्हा कन्सोल घेतलेले लोक पुरेसे असतात. आणि लोक कन्सोल तेव्हाच घेतात जेव्हा गेम पुरेसे असतात. आधी कोंबडी की आधी अंडं, तसाच पेच.

अर्थशास्त्रात याला दोन बाजूंचा बाजार म्हणतात. मधे एक मंच, एका बाजूला ग्राहक, दुसऱ्या बाजूला माल देणारे. ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल या दोघांचा २००३चा शोधनिबंध या विषयात पायाभूत मानला जातो. (तिरोल यांना पुढे २०१४मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांच्या उदाहरणांत क्रेडिट कार्डांसोबत व्हिडिओ गेम कन्सोलही आहेत. त्यांचा मुद्दा असा, की अशा बाजारात एकूण किती पैसे घेता एवढंच महत्त्वाचं नसतं, ते कोणत्या बाजूकडून किती घेता हेही तितकंच महत्त्वाचं असतं. म्हणून कन्सोल कंपन्या यंत्रावर फारसा नफा घेत नाहीत, कधी तोटाही सोसतात, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे आपला वाटा घेतात.

आता हाच पेच जवळच्या उदाहरणात पाहा. गावाला दिवसातून चार बसफेऱ्या आहेत. प्रवासी थोडे घटले, म्हणून एक फेरी बंद झाली. आता दुपारी परतायला बस नाही, म्हणून आणखी काही जणांनी बसचा नाद सोडला. मग दुसरी फेरी बंद. शेवटी उरते रात्रीची मुक्कामी बस, आणि एक दिवस तीही येत नाही. यात कोणाचा गावावर राग नसतो. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबरच वागत असतो, तरी शेवट सगळ्यांच्या तोट्याचा होतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बस बंद झाल्यावर फाट्यावर वडाप उभी राहते. बसचा खर्च निघायला तीस-चाळीस माणसं लागत असतील, तर जीपला आठ-दहा पुरतात. गाव तेच, प्रवासी तेवढेच. उंबरठा वेगळा. हा उंबरठा लक्षात ठेवा, सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे.

ॲलीचे मासे

माझ्या विषयात या उंबरठ्याला नाव आहे: ॲली परिणाम. वॉर्डर क्लाइड ॲली हे शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी १९३०च्या दशकात गोल्डफिशवर प्रयोग केले. पाण्यात चांदीचं विषारी मिश्रण घातलं, एका भांड्यात माशांचा गट ठेवला आणि दुसरीकडे तेवढ्याच पाण्यात एकटा मासा. गटातले मासे जास्त काळ जगले. गटाच्या अंगावरच्या बुळबुळीत स्रावाने बरीचशी चांदी खाली बसवली. एकट्याच्या वाट्याला मात्र सगळं विष आलं. म्हणजे गर्दी नेहमीच वाईट नसते. काही वेळा कमी असणं हाच धोका असतो.

गणितात हे असं दिसतं. संख्या एका विशिष्ट उंबरठ्याच्या वर असेल तर ती वाढत जाऊन स्थिर होते. उंबरठ्याच्या खाली गेली तर घसरत शून्याकडे जाते. उंबरठ्याच्या थोडं वर आणि थोडं खाली यात दिसायला फरक नगण्य असतो, पण शेवट एकदम वेगळा.

व्हिटाबद्दलचं सर्वसाधारण मत हेच, की तो उंबरठ्याच्या खाली गेला आणि मेला. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. कन्सोलला एकच उंबरठा नसतो. त्याच्यासाठी गेम करणारे जितक्या प्रकारचे, तितके उंबरठे असतात.

कागदावर मांडून बघू

खालचे आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त हिशोब कळावा म्हणून घेतलेले.

समजा एका मोठ्या कंपनीला व्हिटासाठी गेम करायला २० कोटी रुपये खर्च येतो. दुकानदाराचा आणि सोनीचा वाटा वजा जाता एका प्रतीमागे हातात १००० रुपये पडतात. खर्च निघायला २ लाख प्रती खपायला हव्यात. कन्सोल असलेल्या शंभर जणांपैकी पाच जण हा गेम घेतील असं धरलं, तर बाजारात किमान ४० लाख व्हिटा हवेत.

आता तीन मित्रांची एक टीम घ्या. त्यांचा गेम कॉम्प्युटरवर आधीच आहे. तो व्हिटावर आणायला २० लाख लागतात. प्रतीमागे हातात ४०० रुपये. म्हणजे ५००० प्रती पुरेत. ते फारसे प्रसिद्ध नाहीत, म्हणून शंभरात दोनच जण घेतील असं धरू. तरी अडीच लाख व्हिटा पुरे झाले.

४० लाख आणि अडीच लाख. सोळा पटींचा फरक. समजा कन्सोल २० लाखांवर अडकला, तर पहिली कंपनी म्हणेल "बाजारच नाही", आणि तीन मित्र म्हणतील "मस्त चाललंय". दोघंही खरं बोलत असतील.

यात आणखी दोन गोष्टी मिसळा. पहिली म्हणजे वेळ. मोठा गेम व्हायला दीड-दोन वर्षं सहज जातात. म्हणजे आज निर्णय घेणारा आजचे कन्सोल मोजत नाही, दोन वर्षांनंतर किती असतील याचा अंदाज बांधतो. सगळ्यांचा अंदाज वाईट असेल तर कोणी गेम करत नाही, गेम नाहीत म्हणून कन्सोल खपत नाही, आणि अंदाज खरा ठरतो. दुसरी म्हणजे रिकामं दुकान. मोठे निघून गेले की जे उरतात त्यांचे गेम पटकन नजरेत भरतात. शंभरात दोनऐवजी चार जण घेऊ लागतात. पर्यावरणशास्त्रात वरचे मोठे प्राणी गेले की खालच्यांना जागा मोकळी होते, तसंच काहीसं.

सुटण्याचे दोन मार्ग

उंबरठ्याच्या खाली घसरू लागलेल्याला वाचवायचे ढोबळमानाने दोनच मार्ग आहेत. संख्या वाढवा, किंवा उंबरठा खाली आणा. योगायोगाने एकाच काळातल्या दोन हँडहेल्डनी एकेक मार्ग धरला.

निन्टेंडोने पहिला. थ्रीडीएसची सुरुवातही वाईटच होती. फेब्रुवारी २०११मध्ये जपानमध्ये तो २५,००० येनला आला आणि विक्री अपेक्षेपेक्षा खूप कमी झाली. जुलैच्या अखेरीस, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, कंपनीने किंमत १५,००० येनवर आणत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत ती जवळपास २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आली. आधीच्या ग्राहकांना फसल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांना २० जुने गेम फुकट दिले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. वर्षाच्या शेवटी मारिओचे दोन मोठे गेम आले आणि गाडी रुळावर आली.

मॅथ्यू क्लेमेंट्स आणि हिरोशी ओहाशी यांनी १९९४ ते २००२ या काळातल्या अमेरिकन कन्सोल बाजाराचा अभ्यास करून २००५मध्ये जे मांडलं, ते इथे आठवतं. कन्सोलच्या आयुष्याच्या सुरुवातीला कमी किंमत जास्त परिणाम करते. नंतर नंतर गेमची विविधता जास्त परिणाम करते. त्यांचा अभ्यास घरगुती कन्सोलचा आहे, पण निन्टेंडोची घाई का योग्य होती हे त्यातून समजतं. किंमत कमी करायची तर लवकर करा. उशिरा केलेल्या कपातीला तेवढी ताकद उरत नाही.

सोनीने उशीर केला. जपानमध्ये व्हिटाची किंमत २४,९८० येनवरून १९,९८० येनवर आली ती फेब्रुवारी २०१३च्या अखेरीस, म्हणजे चौदा महिन्यांनी. अमेरिकेत कपात झाली ऑगस्ट २०१३मध्ये. त्यात मेमरी कार्डाची भानगड. व्हिटाला बाजारातलं साधं कार्ड चालत नसे. सोनीचंच खास कार्ड लागे. सुरुवातीला अमेरिकेत ३२ जीबीच्या कार्डाची किंमत जवळपास १०० डॉलर होती. २५० डॉलरच्या यंत्राला १०० डॉलरचं कार्ड!

बहुतेक लोक कार्डाची गोष्ट ग्राहकांची गैरसोय म्हणून सांगतात. मला ती डेव्हलपरांच्या बाजूने जास्त महत्त्वाची वाटते. छोट्या टीमचे गेम डब्यात मिळत नाहीत, ते डाउनलोडच करावे लागतात. ग्राहकाकडे ४ जीबीचं कार्ड असेल तर नवा गेम घेताना तो आधी विचार करतो, जुना कोणता काढू? म्हणजे सोनीने एका बाजूच्या खिशातून घेतलेला पैसा दुसऱ्या बाजूच्या विक्रीवर कर होऊन बसला. कोणत्या बाजूकडून किती घ्यायचं, हा रोशे-तिरोल यांचा मुद्दा इथे अगदी उघडा पडलेला दिसतो.

एक गेम गेला, त्याच्यामागे गर्दी गेली

बाहेरच्या डेव्हलपरांपैकी सगळे सारख्या वजनाचे नसतात. जपानमध्ये पीएसपी चालला तो मोठ्या प्रमाणात कॅपकॉमच्या मॉन्स्टर हंटरमुळे. चार मित्रांनी शेजारी शेजारी बसून राक्षसांची शिकार करायची, असा हा गेम. २०१०च्या शेवटी पीएसपीवर आलेला भाग ४० लाखांहून जास्त खपला. तो मित्रांसोबत खेळण्यातच खरी मजा असल्यामुळे एकाने कन्सोल घेतला की मित्रांनाही घ्यावासा वाटे.

सप्टेंबर २०११मध्ये, व्हिटा बाजारात यायच्या तीन महिने आधी, मॉन्स्टर हंटर ४ थ्रीडीएसवर येणार हे जाहीर झालं. शिवाय मालिकेचा आणखी एक भाग १० डिसेंबरला थ्रीडीएसवर आला. व्हिटा आला १७ डिसेंबरला. फक्त एका आठवड्याचं अंतर. कॅपकॉमच्या बाजूने बघितलं तर यात दगाफटका काही नाही. थ्रीडीएस तोवर स्वस्त झाला होता आणि त्याची संख्या वाढत होती. पण बाकीच्या डेव्हलपरांना जो निरोप जायचा तो गेला.

रॉबिन ली या अर्थशास्त्रज्ञाने २०१३च्या शोधनिबंधात प्लेस्टेशन २च्या पिढीतल्या कन्सोलचा अभ्यास केला. फक्त एकाच कन्सोलवर मिळणारे गेम बलाढ्य कन्सोलपेक्षा नव्या आणि छोट्या स्पर्धकांना जास्त उपयोगी पडले, असा त्याचा निष्कर्ष. आपल्याला वाटतं एकाधिकार म्हणजे मोठ्याचा फायदा. इथे उलट आहे. सगळे गेम सगळीकडे मिळत असतील तर लोक आधीच मोठ्या असलेल्या कन्सोलकडेच जातात. व्हिटाला नेमका असा एखादा फक्त आपला म्हणता येईल असा बाहेरचा मोठा गेम हवा होता, आणि तोच समोरच्याकडे गेला.

पश्चिमेतही तेच. केन लेव्हिन यांनी २०११च्या ई-३ प्रदर्शनात व्यासपीठावरून व्हिटासाठी बायोशॉक करणार असं सांगितलं. तो कधीच आला नाही. यूबीसॉफ्टने असॅसिन्स क्रीडचा एक भाग खास व्हिटासाठी केला. कॉल ऑफ ड्यूटीचा भाग नोव्हेंबर २०१२मध्ये आला आणि समीक्षकांनी त्याला झोडपून काढलं. मोठ्या नावाचा कच्चा गेम हा न आलेल्या गेमपेक्षा वाईट असतो. तो खपला नाही की कंपनीच्या बैठकीत "व्हिटावर गेम खपत नाहीत" याचा पुरावा तयार होतो.

थांबले ते कोण?

इथे सोनीने दुसरा मार्ग धरला. ठरवून धरला की नाइलाजाने, हा वेगळा प्रश्न. युरोपात शाहिद अहमद यांच्यासारख्या लोकांनी छोट्या डेव्हलपरांना शोधून, गाठून व्हिटाकडे वळवायला सुरुवात केली. अहमद स्वतः १९८०च्या दशकात एकट्याने गेम लिहिणारे प्रोग्रामर. एकट्या माणसाची अडचण काय असते ते त्यांना ठाऊक होतं. २०१३मध्ये सोनीने गेमची संकल्पना आधी मंजूर करून घेण्याचा टप्पा काढून टाकला. अनेकांना चाचणीची यंत्रं उधार दिली. यातलं प्रत्येक पाऊल बाजारात एकही नवा कन्सोल खपवत नव्हतं. ते फक्त २० लाखांच्या खर्चाचे १५ लाख करत होतं. म्हणजे उंबरठा खाली आणत होतं.

परिणाम दिसला. गुआकामेली, हॉटलाइन मायामी, थॉमस वॉज अलोन, स्पेलंकी, फेझ. स्केटबोर्डचा ऑलीऑली तर आधी व्हिटावर आला आणि मग इतरत्र पसरला. यातले बरेच गेम कॉम्प्युटरवर आधीच होते, पण हातात धरून अंथरुणात पडल्या पडल्या खेळायला व्हिटावरच मजा यायची. जपानकडून ॲटलसचा पर्सोना ४ गोल्डन आला, आणि डांगनरोन्पासारखे वाचत वाचत सोडवायचे गेम आले. असे गेम करायला फार महागडं चित्रण लागत नाही, आणि त्यांचा वाचकवर्ग कमी असला तरी पक्का असतो. उंबरठा खाली असण्याची ही दुसरी रीत.

माइनक्राफ्टची गंमत तर वेगळीच. स्वीडनच्या मोजँगचा हा गेम स्कॉटलंडच्या फोर-जे स्टुडिओने व्हिटावर आणला, आणि जपानमध्ये तो व्हिटाच्या सर्वाधिक खपलेल्या गेमपैकी एक ठरला. इतका, की लहान मुलं तिथे या गेमसाठी व्हिटा घेऊ लागली. उंबरठ्याखालचा कन्सोल बाहेरून आलेल्या एका गेमने काही काळ वर ढकलला.

२०१५मध्ये सोनीच्या अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केलं, की कंपनीच्या स्वतःच्या स्टुडिओत व्हिटासाठी नवा गेम होत नाहीये. त्याच वर्षी अमेरिकेत लिमिटेड रन गेम्स नावाची छोटी कंपनी सुरू झाली. फक्त डाउनलोड मिळणारे गेम मोजक्या प्रतींत डब्यात छापून विकायचे, हा तिचा धंदा. पहिला गेम व्हिटाचाच होता, प्रती १५००. त्या लगेच संपल्या. १५०० प्रती! मोठ्या कंपनीच्या हिशोबात हा आकडा चहापाण्यात जाईल. छोट्याच्या हिशोबात तो धंदा आहे.

व्हिटाचं उत्पादन थांबलं मार्च २०१९मध्ये. म्हणजे स्वतःच्या मालकाने हात काढून घेतल्यावरही तीन वर्षांहून जास्त काळ तो बाहेरच्यांच्या जिवावर चालला.

हे साम्य कुठे तुटतं

माझे गाइड इथे हमखास थांबवतील, म्हणून आपणच थांबू. मासा पुढच्या वर्षी भांड्यात किती मासे असतील याचा अंदाज बांधत नाही. डेव्हलपर बांधतो. म्हणून कन्सोलचा उंबरठा केवळ संख्येवर ठरत नाही, तो विश्वासावरही ठरतो, आणि विश्वास एका बातमीने हलतो. दुसरं, व्हिटाच्या वाट्याला ॲली परिणाम एकटा आला नव्हता. स्मार्टफोनने सगळ्यांचाच फावला वेळ खाल्ला होता. खुद्द सोनीच्या शुहेई योशिदा यांनी व्हिटाचा वारस का नाही, याचं कारण सांगताना मोबाइल गेमिंगकडे बोट दाखवलं होतं. आणि तिसरं, छोट्यांनी कन्सोल "वाचवला" असं मी म्हणणार नाही. वडाप गावाला रस्त्याशी जोडून ठेवते. ती बसस्थानक बांधत नाही. छोटे गेम बघून नवे लोक लाखांनी व्हिटा घ्यायला आले नाहीत. जे होते ते टिकले, एवढंच.

पण "एवढंच" हा शब्द मला आता पूर्वीसारखा वापरता येत नाही.

मग फरक काय पडतो?

मार्च २०२१मध्ये सोनीने जाहीर केलं, की त्या ऑगस्टमध्ये व्हिटाचं ऑनलाइन दुकान बंद होणार. त्या रात्री मी माझ्या यादीतले गेम तपासत बसले. मोठ्या कंपन्यांचे गेम कार्डावर तरी मिळतील, इतर यंत्रांवरही मिळतील. धोक्यात होते ते छोट्यांचे. ज्यांनी कन्सोल टिकवला त्यांच्यापैकी अनेकांच्या गेमना डबा नव्हता. दुकान बंद, म्हणजे व्हिटावरचा गेम संपला. लोकांनी खूप ओरड केली आणि एप्रिलमध्ये सोनीने व्हिटाचं दुकान बंद करण्याचा निर्णय मागे घेतला. त्या दिवशी ओरडणारे लोक कोण होते? तेच, जे छोट्या गेमसाठी थांबले होते. मोठे गेम तेवढेच खेळून झालेला माणूस २०२१मध्ये व्हिटासाठी भांडला नसता.

मला माझ्या संशोधनात याचा उपयोग झाला तो असा. मी आधी मॉडेलमध्ये एकच उंबरठा ठेवत होते आणि त्याच्या खाली गेलेल्या प्रत्येक गोष्टीला "नामशेष" अशी खूण करत होते. आता मी आधी विचारते, उंबरठा कोणाचा? कोणी काय मोजून ठरवलं, की हे आता परवडत नाही? बस चालवणाऱ्याचा उंबरठा म्हणजे गावाचा उंबरठा नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या ॲपबद्दल, यंत्राबद्दल, एखाद्या छोट्या भाषेतल्या सॉफ्टवेअरबद्दल "याला आता बाजार नाही" असं ऐकलंत, तर लगेच मान डोलवू नका. विचारा, किती लोकांचा बाजार म्हणजे बाजार? हे वाक्य बोलणाऱ्याचा खर्च किती आहे? आणि तेच काम खूप कमी खर्चात करणारं कोणी फाट्यावर उभं आहे का?

माझा व्हिटा अजून चालतो. बॅटरी आता तीन तासांवर येते, पण तेवढ्यात ऑलीऑलीच्या पुष्कळ फेऱ्या होतात.